शेवटी तो साहेबच ना?

पाहुण्यांना नळदुर्गचा किल्ला दाखवायला नेलं की बोलता बोलता माझी गाडी मेडोज टेलरवर घसरते. मग कुणीतरी हमखास विचारतं, “शेवटी तो इंग्रज साहेबच ना? त्याचं एवढं काय कौतुक?” परवा तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

साहेब खरा, पण कंपनी सरकारच्या पक्क्या नोकरीतला नव्हे. जन्म 1808 चा, लिव्हरपूलचा. पंधरा वर्षांचं पोर मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून आलं, तर त्या व्यापाऱ्याचंच दिवाळं वाजायच्या बेतात. मग तो निजामाच्या फौजेत शिरला. मोजणी, कायदा, बांधकाम सगळं स्वतःच शिकला. बायको मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर सावकाराची मुलगी. तिची आजी हिंदुस्थानी बेगम.

1839 मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने त्याला विलायतेत नाव मिळवून दिलं. मला मात्र त्याची ‘तारा’ ही कादंबरी जवळची. निजामाने इंग्रजांना जिल्हे तोडून दिल्यावर 1853 ते 1857 तो नळदुर्गचा कारभार पाहत होता. ‘तारा’ची नायिका तिथल्याच तुळजापूरच्या ब्राह्मणाची मुलगी, आणि गोष्टीत शिवाजी महाराज नि अफझलखान. खानाचा वध 1659 चा, पण याच्या तीन कादंबऱ्या 1657, 1757, 1857 अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावर मांडलेल्या. हिशेब जुळावा म्हणून दोन वर्षं इकडची तिकडे! इतिहासाच्या मास्तरांनी कान पकडला असता.

आता तुमचा प्रश्न. नळदुर्गच्या आधी तो सुरपूरला होता. आजच्या यादगीर जिल्ह्यातलं बेडर समाजाच्या राजांचं संस्थान, गादीवर व्यंकटप्पा नायक नावाचा लहान राजा. टेलरने तिथे कारभार पाहिला, तळी बांधली, आणि तो मुलगा त्याला ‘अप्पा’ म्हणायला लागला. 1853 मध्ये राज्य राजाच्या हाती देऊन टेलर निघाला.

1858 मध्ये त्याच राजाने बंड केलं. बंड मोडलं, राजा हैदराबादेत पकडला गेला. कैदेत भेटायला कोण? अप्पा. राजा त्याला बिलगला. चोरासारखं फासावर नको, तोफेच्या तोंडी द्या, असं म्हणाला. फाशी टळली, जन्मठेपही टळली, चार वर्षांच्या कैदेवर आलं. टेलरला हायसं वाटलं असणार. पण राजाच्या कुंडलीत चोविसाव्या वर्षी मृत्यू लिहिलेला होता, आणि टेलरला ते कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. कैदेच्या वाटेवर पहिल्याच मुक्कामी बरोबरच्या अंमलदाराचं पिस्तूल राजाच्या हाती लागलं, गोळी सुटली आणि तो गेला.

हे सगळं टेलरनेच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वाचताना माझ्या मनात दर वेळी येतं, याची माया खोटी नव्हती. पण त्या पोराचा अप्पा होता तेव्हाही तो दुसऱ्याच दरबाराचा चाकर होता, आणि त्या दरबारापुढे मायेचं काही चालत नव्हतं. साहेब होता, म्हणूनच तर ही गोष्ट मला सुटत नाही. नुसता दुष्ट असता तर पुस्तक मिटून ठेवलं असतं.

राजा गेल्यावर सुरपूरचा कारभार पुन्हा टेलरकडेच सोपवला गेला. 1860 मध्ये तो विलायतेला परतला आणि इंग्रजांनी ते संस्थान निजामाला देऊन टाकलं. टेकडीवरचा त्याचा बंगला अजून आहे. लोक त्याला टेलर मंझिल म्हणतात.