ग्रॅज्युएट स्कूलचा कारभार नेमका कोण पाहतो?

डिसेंबरच्या सुट्टीत, शेतात तूर कापणीला आलेली असताना गावी पोहोचले की दारव्हा-दिग्रस भागातील काही मुले-मुली अमेरिकेतील पीएचडीच्या अर्जाबद्दल विचारायला घरी येतात. कोणी कृषी पदवीधर असतो, कोणी रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली असते, आणि अर्जाची मुदत बहुधा पंधरवड्यावर आलेली असते. त्यांच्यातील एकाने मागच्या वेळी विचारलेला प्रश्न थोड्याफार फरकाने सर्वांचाच असतो: "ताई, थेट डीनलेच मेल टाकू का?" या प्रश्नामागे आपल्याकडचा पक्का अनुभव आहे. फेरफार तलाठी नोंदवतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, हे ठाऊक असूनही अडलेल्या कामासाठी आपण तहसीलदाराच्या दालनाबाहेर बसतो, कारण वरून सांगितल्याशिवाय खाली कागद हलत नाही अशी आपली खात्री झालेली असते. अमेरिकेतील ज्या सरकारी विद्यापीठात मी मृदाशास्त्रात पीएचडी करते, तेथे हा हिशेब चालत नाही. तेथील डीनचे, म्हणजे ग्रॅज्युएट स्कूलच्या प्रमुखाचे, अधिकार मोठे असले तरी ते आपण समजतो त्या जागी नाहीत, आणि अर्जदाराचे बहुतेक काम ज्या व्यक्तीच्या हाती असते तिच्या नावापुढे फार मोठे पद लिहिलेले नसते.

मुळात ग्रॅज्युएट स्कूल म्हणजे वेगळी इमारत, वेगळे वर्ग आणि वेगळे प्राध्यापक असलेले महाविद्यालय नव्हे. मोठ्या सरकारी विद्यापीठांत ते विद्यापीठभरातील पदव्युत्तर आणि पीएचडी शिक्षणावर देखरेख करणारे मध्यवर्ती कार्यालय असते. शिकवणे आणि संशोधन हे विभागांतच चालते. हार्वर्ड किंवा येलसारख्या जुन्या खासगी विद्यापीठांत कला व विज्ञान शाखांचे ग्रॅज्युएट स्कूल वेगळे आणि कायदा, वैद्यक, व्यवस्थापन यांची स्कूल वेगळी, अशी रचना आहे. अमेरिकेतील पहिल्या पीएचडी पदव्या येलने 1861 मध्ये दिल्या. 1876 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मन पद्धतीचे संशोधनकेंद्री शिक्षण आपले मुख्य काम मानले, आणि त्यानंतर पीएचडी देणाऱ्या संस्था झपाट्याने वाढल्या. संस्था वाढल्या तशी पदवीच्या दर्जाची चिंताही वाढली. 1900 मध्ये चौदा विद्यापीठांनी एकत्र येऊन आपली संघटना स्थापन केली, त्यामागे ही चिंता होती. एकाच विद्यापीठात रसायनशास्त्राची पीएचडी एका मापाने आणि इतिहासाची दुसऱ्या मापाने दिली जाऊ नये, किमान नियम सर्वांना सारखे असावेत, हे पाहणारे कोणीतरी विभागांच्या बाहेर हवे होते. ग्रॅज्युएट स्कूलच्या डीनचे पद याच गरजेवर उभे आहे.

हा डीन बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या प्रोव्होस्टला, म्हणजे शैक्षणिक कारभाराच्या प्रमुखाला, उत्तरदायी असतो, आणि अनेक विद्यापीठांत त्याच व्यक्तीकडे व्हाइस प्रोव्होस्ट हे पदही असते. तो सहसा बाहेरून आणलेला प्रशासक नसतो. वर्षानुवर्षे शिकवलेला, स्वतः पीएचडीचे विद्यार्थी घडवलेला प्राध्यापक असतो आणि पद सोडल्यावर पुष्कळदा आपल्या विभागात परत जाऊन शिकवू लागतो. आमच्याकडे या पदासाठी निवड चालू होती तेव्हा अंतिम फेरीतील प्रत्येक उमेदवाराने खुल्या सभागृहात भाषण केले आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न घेतले. एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले की विद्यावेतन घरभाड्याच्या मागे पडत चालले आहे, त्याचे तुम्ही काय करणार. उमेदवाराने पाणी प्यायले, थोडा विचार केला आणि आपल्या हाती काय आहे व काय नाही याची बऱ्यापैकी प्रामाणिक यादी दिली. पुढे साहेब होणाऱ्या माणसाला आधीच, तेही सर्वांसमक्ष, असे विचारता येते ही गोष्ट मला तेथील उंच इमारतींपेक्षा अधिक परकी वाटली होती.

त्या यादीतील "हाती काय नाही" हा भाग आपल्या अर्जदारांनी नीट समजून घ्यावा. कोणत्या विद्यार्थ्याला घ्यायचे हे विभागातील प्राध्यापकांची प्रवेश समिती ठरवते, आणि विभागाने न निवडलेल्या विद्यार्थ्याला डीन सहसा वरून आणून बसवत नाही. उलट, विभागाने निवडलेला विद्यार्थी विद्यापीठाच्या किमान अटींत बसत नसेल, तर ग्रॅज्युएट स्कूल त्याचा प्रवेश रोखू शकते किंवा विभागाकडून लेखी कारण घेऊन अपवाद करू शकते. त्यामुळे विभागातून आलेले "आम्ही तुमची शिफारस केली आहे" हे पत्र कितीही गोड असले तरी जेथे अशी दुहेरी पद्धत आहे तेथे ते अंतिम प्रवेशपत्र नसते. अधिकृत पत्र ग्रॅज्युएट स्कूलकडून येते, आणि त्यानंतर आर्थिक क्षमतेचे कागद तपासून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय आय-20 हे व्हिसासाठी लागणारे प्रपत्र देते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्यांनी तर हा फरक विशेष लक्षात ठेवावा, कारण तेथे विनाअट प्रवेशपत्राला महत्त्व आहे.

नियम डीन एकटा बनवत नाही. त्यासाठी ग्रॅज्युएट कौन्सिल किंवा तशाच नावाची एक परिषद असते, तिच्यात वेगवेगळ्या शाखांचे प्राध्यापक आणि थोडे विद्यार्थी प्रतिनिधी बसतात. नवा अभ्यासक्रम सुरू करणे, चारपैकी किमान 3.0 सरासरी गुणांची अट ठेवणे, प्रबंध समितीत किती सदस्य असावेत आणि त्यांतला एक विभागाबाहेरचा असावा का, रजा किती काळ मिळावी, अशा बाबी तेथे ठरतात. मी एक वर्ष या परिषदेत विद्यार्थ्यांच्या बाजूने बसत होते. बैठका बहुतेक कंटाळवाण्या असत, एका स्वल्पविरामावर पाऊण तास गेलेलाही मी पाहिला आहे. मात्र तेथे संमत झालेला नियम पुस्तिकेत छापला जातो, संकेतस्थळावर लागतो आणि तो डीनलाही बांधतो. मला यात त्या व्यवस्थेचे खरे बळ दिसते.

डीनच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक डीन असतात. कोणाकडे शैक्षणिक नियम व अपवाद, कोणाकडे विद्यार्थी कल्याण, कोणाकडे फेलोशिप आणि अंदाजपत्रक, अशी वाटणी विद्यापीठागणिक बदलते. प्रबंध तपासणारी खिडकी वेगळीच. तेथील कर्मचारी प्रबंधातील विज्ञानाला हातही लावत नाहीत. समास, पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका आणि सुरुवातीच्या पानांचा क्रम एवढेच पाहतात, पण तेवढ्यावरून प्रबंध परतही पाठवतात. आपल्याकडे रेक्झिनच्या कव्हरवर सोनेरी अक्षरे छापून प्रती बांधून घेण्याची जी धावपळ असते, तिच्या जागी तेथे फाइल अपलोड करून मंजुरीच्या ईमेलची वाट पाहणे आले आहे. धाकधूक तीच.

पैशाचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण गावाकडून येणाऱ्या मुलांचे येणे-न येणे त्याच्यावर ठरते आणि गैरसमजही तेथेच सर्वाधिक आहेत. पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळणारा पैसा साधारण तीन वाटांनी येतो. वर्ग घेण्यास किंवा प्रयोगशाळा चालवण्यास मदत करण्याबद्दल मिळणारी टीचिंग असिस्टंटशिप विभागाच्या हातात असते. रिसर्च असिस्टंटशिपचा पैसा प्राध्यापकाने मिळवलेल्या संशोधन अनुदानातून येतो, त्यामुळे ते अनुदान संपले की विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो. फेलोशिप बहुधा ग्रॅज्युएट स्कूलकडून येते. तिच्यात शिकवण्याचे काम नसते किंवा कमी असते, पण तिच्यासाठीही बहुतेक वेळा विभागानेच नाव सुचवावे लागते. म्हणजे डीनच्या तिजोरीतून निघणाऱ्या पैशाची वाटही विभागाच्या दारावरून जाते. असिस्टंटशिपबरोबर शिक्षण शुल्क माफ होते का, पूर्ण होते की अंशतः, आरोग्य विमा त्यात धरला आहे का, आणि इतर किरकोळ शुल्के कोणी भरायची, हे पत्रात नीट वाचावे. ही किरकोळ शुल्के रुपयांत मोजली तर किरकोळ राहत नाहीत.

याच संदर्भात 15 एप्रिल ही तारीख आपल्या मुलांना फार कमी ठाऊक असते. 1961 मध्ये स्थापन झालेल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संघटनेच्या एका ठरावावर अनेक विद्यापीठांनी सह्या केल्या आहेत. त्यानुसार येत्या शैक्षणिक वर्षासाठी आर्थिक साहाय्य देऊ केलेल्या विद्यार्थ्यावर 15 एप्रिलपूर्वी होकार देण्याचे बंधन घालता येत नाही. आमच्या शेजारच्या गावातील एका मुलाला एका विभागाने फेब्रुवारीतच "आठवडाभरात कळवा" असे लिहिले होते आणि घाबरून तो होकार देण्याच्या बेतात होता. विद्यापीठ ठरावाच्या यादीत आहे हे पाहून त्याने नम्रपणे ठरावाची आठवण करून दिली, तेव्हा त्याला मुदत मिळाली. येथे डीनचे कार्यालय प्रत्यक्ष काहीही न करता उपयोगी पडले, कारण तेथून आलेला नियम सर्वांना ठाऊक होता.

आता ज्या व्यक्तीबद्दल मी सुरुवातीला सूचित केले तिच्याकडे वळते. प्रत्येक विभागात पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा एक संचालक असतो. तो प्राध्यापक असतो आणि शैक्षणिक निर्णय त्याच्याकडे असतात. त्याच्या शेजारी ग्रॅज्युएट प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर असते. ती प्राध्यापक नसते, तिच्या दारावर मोठी पाटी नसते, आणि आपले विद्यार्थी तिला क्लार्क समजून दुर्लक्षित करतात. तुमचा अर्ज पूर्ण झाला की अडकला, शिफारसपत्र कोणाचे यायचे राहिले, समिती कधी बसणार, नोंदणी न झाल्याने विद्यावेतन थांबेल का, पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून लागणारे श्रेयांक (क्रेडिट) भरले आहेत का, हे सर्व ती जाणते, आणि डीनच्या कार्यालयात कोणत्या माणसाला फोन केल्यावर कागद पुढे जातो तेही तिलाच माहीत असते. डीनला पाठवलेला ईमेल तीन टेबले फिरून शेवटी तिच्याकडेच येतो, फक्त आठ दिवस उशिरा. आमची कोऑर्डिनेटर निवृत्त झाली त्या वर्षी विभागातील नामवंत प्राध्यापकसुद्धा फॉर्म शोधत फिरताना मी पाहिले आहेत.

डीनकडे जाण्याची वेळ येते ती वाद झाल्यावर. मार्गदर्शकाशी बिनसले, समितीने अन्याय केला असे वाटले, तर आधी संचालक, मग विभागप्रमुख आणि त्यानंतर ग्रॅज्युएट स्कूल, अशा पायऱ्या साधारणपणे पुस्तिकेत लिहिलेल्या असतात. अनेक विद्यापीठांत ओम्बड्स नावाचे कार्यालयही असते. ते निर्णय देत नाही, पण गोपनीय राहून सल्ला देते आणि दोन्ही बाजूंना बोलते करते. असे असले तरी या व्यवस्थेचे मी गोडवे गाणार नाही. मार्गदर्शकाविरुद्ध बोलायला परदेशी विद्यार्थी धजावत नाही, कारण त्याचे विद्यावेतन, त्याचे शिफारसपत्र आणि नोंदणीवर अवलंबून असलेला व्हिसा हे सगळे एकाच नात्याला बांधलेले असते. डीनची कार्यालये विभागांच्या अंतर्गत बाबींत हात घालायला कचरतात. सौजन्याने भरलेले, आश्वासक आणि आत काहीच नसलेले पत्र लिहिण्याची कला तेथेही पूर्ण विकसित झालेली आहे.

आपल्याकडची चौकट कागदावर फार वेगळी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार अमरावती, नागपूर आणि गडचिरोली येथील विद्यापीठांत चार विद्याशाखांचे अधिष्ठाता असतात, विद्या परिषद आणि अभ्यास मंडळे असतात, पीएचडीचे विषय संशोधन व मान्यता समितीपुढे जातात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तर स्वतंत्र पदव्युत्तर संस्था आहे. पापळसारख्या खेड्यात जन्मून एडिनबरो आणि ऑक्सफर्डपर्यंत शिकायला गेलेल्या भाऊसाहेबांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, हे तेथून परदेशी जाणाऱ्या मुलांना मी मुद्दाम सांगते. मला जाणवलेला फरक पदांचा नाही. आपल्या विद्यार्थ्याला नियमाची प्रत हातात मिळत नाही, तो गाइडच्या किंवा एखाद्या जाणकार सीनियरच्या तोंडून कळतो, आणि म्हणून प्रत्येक कामासाठी माणूस शोधावा लागतो.

या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तीन वर्षांची बीएस्सी असलेल्यांनी आपली पदवी किमान अटीत बसते का, हे प्राध्यापकाला न विचारता ग्रॅज्युएट स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला विचारावे; काही विद्यापीठे ती स्वीकारतात, काही चार वर्षांचाच आग्रह धरतात, काहींना वर एमएस्सी असेल तर चालते. कृषी पदवी चार वर्षांची असल्याने त्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही. दुसरे, अर्जाचे शुल्क माफ करून मिळेल का हे विचारायला संकोचू नये, पण शुल्क भरण्याआधी विचारावे, कारण भरलेले शुल्क सहसा परत मिळत नाही. कोठे ग्रॅज्युएट स्कूल माफी देते, कोठे विभाग आपल्या खात्यातून ते भरतो. कोऑर्डिनेटरला चार ओळींचा ईमेल लिहावा, त्यात आपले पूर्ण नाव, अर्जाचा क्रमांक आणि अभ्यासक्रमाचे नाव असावे, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिचे कार्यालय बंद असते हे धरून तो आधीच पाठवावा.