गुऱ्हाळाची उलंगवाडी कधी करायची?

वावरात अजून दोन एकर ऊस उभा आहे, चिपाडाची गंजी भरलेली आहे, गुळव्याही हाताशी आहे. मग गुऱ्हाळ बंद कशाला करायचं? फेब्रुवारी सरत आला की उमरखेड-महागावच्या पैनगंगा पट्ट्यापासून पार भंडाऱ्यापर्यंत हाच हिशेब मांडला जातो. उभा ऊस संपला की हंगाम संपला, असं धरून चालतात आणि शेवटच्या पंधरा दिवसांतला गूळ आधीच्या तीन महिन्यांच्या मालाचं नाव घालवतो. व्यापारी भेली दाबून बघतो, बोट चिकटलं की भाव पाडतो, आणि मग मागचा चांगला मालही त्याच नजरेनं बघितला जातो.

ऊस थंडीत साखर साठवतो. रात्री गार आणि दिवसा कोरडं ऊन, हे दिवस त्याचे पिकण्याचे. होळीच्या आसपास आपल्याकडे पारा चढायला लागला की उभा ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साठवलेली साखर खर्च करतो. तोडलेल्या उसात तर हे काम आणखी जोरात चालतं. सुक्रोज, म्हणजे ज्या साखरेचा दाणा बसतो ती, तुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. गोडी राहते, पण या दोघांचा दाणा धरत नाही. उलट ते हवेतलं पाणी ओढतात आणि कढईत लवकर काळवंडतात. चिकट, काळपट, पावसाळ्यात पाझरणारा गूळ निघतो तो यामुळे. गुळव्याचा हात बिघडला म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता मोजायचं कसं? हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाच्या थेंबावरून ब्रिक्सचा आकडा दाखवणारं हातातलं यंत्र, असेल तर उत्तम, नसेल तर चार-पाच जणांत मिळून एक घ्यावा. पण इथे एक गफलत होते. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं, त्यात तुटलेली साखरही मोजली जाते. शिवाय मार्च-एप्रिलच्या उन्हात उसातलं पाणी आटतं, म्हणून आकडा वर गेलेला दिसतो. २१ ब्रिक्स बघून माणूस खूश होतो आणि भेली मात्र बसत नाही. म्हणून एकच आकडा कधी घेऊ नये. वावराच्या वेगवेगळ्या भागांतले पाच-सहा ऊस घ्यायचे, धुऱ्याकडचे सोडून. प्रत्येकाचा बुडाकडच्या तिसऱ्या कांडीचा आणि शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या कांडीचा रस वेगवेगळा बघायचा. आधी काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाकून आकडा शून्यावर आहे ना, ते तपासायचं, आणि काम सकाळी उरकायचं. शेंड्याचा आकडा भागिले बुडाचा आकडा. शेंडा १६ आणि बूड २० असेल तर ०.८, ऊस कच्चा. ०.९५ ते १ च्या दरम्यान आला की पक्का. १ च्या वर गेला, म्हणजे बूड शेंड्यापेक्षा फिकं लागायला लागलं, की त्या वावराची वेळ निघून चालली. दर चार दिवसांनी हे आकडे वहीत लिहून ठेवले तर बूड कधी उतरायला लागलं ते कळतं.

यंत्र नसलं तरी ऊस स्वतः सांगतो. तुरा येऊन दीड-दोन महिने झाले की डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, निघतात आणि कांडी मधून दशी पडते. ऊस आडवा कापून बघावा, मध्ये पांढरा कोरडा कापूस दिसला तर रस गेलाच. लोळलेल्या उसाला जमिनीलगत मुळ्या सुटतात, उंदीर कुरतडतात, त्या जागी रस आंबतो. आत लाल पट्टे दिसले आणि आंबूस वास आला तर तो ऊस कढईत नकोच. चरकावर तर रोज वजन करावं. हंगामाच्या भरात १ टन उसातून ६०० ते ६५० किलो रस निघतो, उन्हाळा लागला की कांडी चिवट होते आणि हा आकडा ६०० च्या खाली उतरतो. ५० किलो रस कमी म्हणजे २० ब्रिक्सच्या हिशेबानं टनामागे साधारण १० किलो गूळ कमी. जाळण, डिझेल आणि मजुरी मात्र तेवढीच.

सगळ्यात खरी साक्ष कढईची. चांगल्या उसाचा रस तापायला लागला की मळी जाडसर साय धरून वर येते, भेंडीचा चिकट रस कढईत घातला की ती गोळा होते आणि झाऱ्यानं एका तुकड्यात निघते. शिळ्या किंवा उतरलेल्या उसाची मळी पातळ, तुटक येते, झाऱ्याच्या भोकांतून खाली पडते आणि पाकात फिरत राहते. पुढे फेस चढतो, तेल टाकलं तरी बसायला वेळ लागतो. पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला आला की थंड पाण्यात थोडा टाकून गोळी करून बघायची. हंगामाच्या भरात ती गोळी बोटांत टणक होते आणि भांड्याच्या कडेवर मारली की टण् वाजते. उतरत्या हंगामात त्याच ११८ अंशाला ती मऊ राहते, दाबली की पसरते, बोट उचललं की मागे तार ओढते. मग गुळव्या आणखी दोन-तीन अंश चढवतो. गोळी जरा टणक होते, पण पाक करपट लागतो आणि भेली साच्यातून काढल्यावर दुसऱ्या दिवशी कडा खाली बसलेल्या दिसतात. सलग दोन दिवस, ताज्या तोडीच्या उसावर, ११८ अंशाला गोळी वाजली नाही, तर गुळासाठी त्या वावराचा हंगाम संपला. याला माझ्या लेखी अपवाद नाही.

ताज्या तोडीचा ऊस, हे मुद्दाम लिहिलं. कारण पुष्कळदा दोष उभ्या उसाचा नसतोच, तोडून ठेवलेल्या उसाचा असतो. थंडीत एक रात्र पडलेला ऊस निभावून जातो. मार्चमध्ये उन्हात पडलेला ऊस वजनही घालवतो आणि साखरही, म्हणून तोड पहाटे करायची, मोळ्या पाचटाखाली सावलीत ठेवायच्या आणि १२ तासांच्या आत चरकातून काढायच्या. चरकाखालच्या हौदात रस तासभर पडला की त्यावर बुडबुडे येतात. चरकाचे रूळ, जाळी आणि हौद दर पाळीला गरम पाण्यानं, मग चुन्याच्या निवळीनं धुतले नाहीत तर सकाळचा आंबट रस दुपारच्या ताज्या रसाला नासवतो. ताज्या रसाचा सामू, म्हणजे पीएच, ५.२ ते ५.४ असतो. पीएच पट्टीवर ५ च्या खाली दिसला तर आधी धुणं बघा, उसाला दोष मागाहून द्या.

इथे हात आवरायला हवा तो चुना आणि पावडरीपाशी. गूळ बसत नाही म्हणून चुना वाढवला की भेली टणक होते खरी, पण रंग तांबूस-काळा होतो आणि जिभेवर चुणचुण राहते. मग तो रंग मारायला हायड्रॉस, म्हणजे रंग उडवणारी गंधकयुक्त पावडर, टाकतात. त्यानं पिवळेपणा येतो, पण तो टिकत नाही आणि गंधक गुळात राहतं. गुळात सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा ७० पीपीएम आहे, आणि मुठीनं टाकलेली पावडर ती सहज ओलांडते. भेली बसावी म्हणून बाजारची साखर ओतणं तर सरळ फसवणूक. आपल्या गावातली पोरंबाळं हाच गूळ पोळीबरोबर खातात.

तिकडे कॅनडात क्युबेकला मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात, सुमारे ४० लिटर रसाचा १ लिटर. रात्री बर्फ आणि दिवसा ऊन असेपर्यंत रस येतो. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाला वेगळाच वास यायला लागतो आणि माणसं बादल्या उतरवतात. उसाला फुटलेला डोळा आणि मेपलची कळी एकच गोष्ट सांगतात.

मागून हिशेब धरला तर ही घाई टळते. लवकर पिकणारा कोसी ६७१ आधी गाळायचा, को ८६०३२ साखर जास्त दिवस धरून ठेवतो, तो मागे ठेवायचा. तुरा आलेलं वावर मात्र जात कोणतीही असो, पुढे घ्यायचं. तोडणीच्या आधी साधारण १५ दिवस पाणी तोडतात, पण मार्चमध्ये हलक्या जमिनीत इतका ताण दिला तर ऊस वाळतो आणि वजन जातं. तिथे ८-१० दिवस पुरेत. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, ठेवायचा असेल तर ते वावर १५ फेब्रुवारीच्या आत मोकळं झालं पाहिजे. उशिरा तुटलेल्या खोडव्याला विहिरीचं पाणी पुरत नाही आणि फुटवे उन्हात जळतात. मजुरांचंही बघावं लागतं. हरभरा-गव्हाची सोंगणी सुरू झाली की तोडणीला माणूस मिळत नाही, आणि पूर्वेकडे मोहफुलं गळायला लागली की घरच्या घर पहाटे रानात जातं. त्यांना अडवू नये, तो त्यांचा वर्षाचा पैसा आहे. अवकाळीचा दगाही फेब्रुवारी-मार्चमध्येच. चिपाडाची गंजी एकदा आतपर्यंत भिजली की चुलवाण धुमसतं, कढईला वेळ लागतो आणि जास्त वेळ तापलेल्या पाकातली साखर आणखी तुटते.

इतकं करूनही थोडा ऊस उरतोच. त्याचा गूळ करू नका, काकवी करा. जी तुटलेली साखर भेली बसू देत नाही, तीच काकवीत दाणे पडू देत नाही. पाक १०५-१०६ अंशाला उतरवायचा, कापडातून गाळायचा, किलोमागे ०.४ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालायचं, आठवडाभर झाकून निवळू द्यायचा आणि वरचा स्वच्छ भाग कोरड्या बाटल्यांत भरायचा. मात्र आंबलेल्या किंवा लाल पडलेल्या उसाची काकवीही चांगली होत नाही. तो ऊस जनावरांनाही न घालता सरळ खतात टाका.

बंद करताना कढई गरम पाणी आणि सोड्यानं घासून, वाळवून, आतून खायच्या तेलाचा पातळ हात फिरवून पालथी घाला. चरकाचे रूळ चुन्याच्या निवळीनं धुऊन कोरडे करा, दाब सैल करा, बेअरिंगला ग्रीस भरा. चुलवाणातली राख वावरात टाका, तिच्यात पालाश असतं, आणि भेगा माती-शेणानं लिंपून वर पत्रा टाका. राहिलेलं चिपाड सगळं विकू नका. नोव्हेंबरात पहिलं चिपाड वाळायला चार-पाच दिवस लागतात, तेवढ्या दिवसांचं कोरडं जाळण छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर रचून ठेवा.