गॅसचा अर्धा डबा

पाठपिशवीचं वजन कमी करायच्या नादात मी उन्हाळ्यातला अर्धा वापरलेला गॅसचा डबा बरोबर घेतला. नवाकोरा डबा कपाटात राहिला. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आम्ही दोघीच होतो, मैत्रीण आणि मी. डोंगरावरच्या हटमध्ये एक रात्र काढायची, सकाळी माथा करायचा आणि उतरायचं, एवढाच बेत. हट म्हणजे एकच खोली. सांभाळायला कुणी नाही, झोपायला फळ्यांचा माचा, एक टेबल, एक खिडकी. वेळेचा हिशोब माझ्याकडे होता आणि तो मी नाइस्मिथच्या नियमाने केला होता. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा ठोकताळा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आमची वाट ९ किलोमीटर, चढ ९०० मीटर. म्हणजे सव्वातीन तास आणि वर थोडी मिनिटं.

"आणि बर्फाचे किती?" तिने विचारलं.

"धर अर्धा तास."

बर्फाने अडीच तास खाल्ले. वरचा पापुद्रा कडक. पाय ठेवला की क्षणभर पेलायचा, आता उभं राहता येईल असं वाटेपर्यंत थांबायचा, आणि मग गुडघ्यापर्यंत आत. पुढे चालणारीचा जीव निघतो, मागचीला आयत्या खड्ड्यांत पाय टाकायचे असतात. वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलायची ठरलं होतं. माझी वीस मिनिटं हटकून लांबायची. दोनदा घड्याळ पाहिलं, तर ती बरोबर वीसच निघाली.

हटमध्ये शिरलो तेव्हा अंधार पडला होता. जॅकेटच्या चेनला अडकवलेला थर्मामीटर आतसुद्धा उणे ७ दाखवत होता. बाटल्यांत दोन-दोन घोट उरलेले, म्हणजे आधी बर्फ वितळवणं आलं. मी ऐटीत स्टोव्ह जोडला आणि लायटर लावला. करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत आली, थरथरली आणि गेली. परत लावली, परत गेली. डबा कानाशी हलवला तर आत चांगली खळखळ. भरपूर माल होता, फक्त द्रवाचा वायू व्हायला तयार नव्हता.

ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली उकळत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळत राहतो, म्हणून थंडीसाठीच्या डब्यांत तोही मिसळतात. पण वापरताना प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी बहुतेक ब्युटेन राहतो. थोडक्यात, अर्धा डबा हा अर्धा भरलेला डबा नसतोच, निदान हिवाळ्यात तरी. हे मला माहीत होतं. कपाटापाशी उभी असताना आठवलं नाही, इतकंच.

तिने काही न बोलता डबा माझ्या हातातून घेतला, जॅकेटची चेन उघडली आणि काखेत धरला. "आई गं!" एवढाच शब्द. मग पाव तास ती कोपर अंगाशी दाबून, एक खांदा वर करून खोलीभर येरझाऱ्या घालत राहिली. मी भांड्यात बर्फ दाबून भरत होते. "तळाला आधी घोटभर पाणी घाल," ती म्हणाली, "नुसता बर्फ करपतो." करपलेल्या बर्फाचं पाणी मी पूर्वी प्यायले आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

या वेळी ज्योत टिकली. वाद झाला तो खिडकीवरून. तिने खिडकी दोन बोटं उघडी ठेवली आणि त्या फटीतून येणारा वारा नेमका माझ्या मानेवर.

"बंद कर ना गं, जरा ऊब धरू दे."

"स्टोव्ह चालू आहे तोवर नाही."

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, हे मलाही पाठ आहे. तरीही त्या क्षणी मी तिच्यावर मनापासून चिडले होते. पाणी उकळलं, स्टोव्ह विझला, बऱ्याच वेळाने खिडकी लागली. गरम पाण्याची बाटली पायाशी घेऊन झोपले आणि राग कधी गेला ते कळलं नाही.

सकाळी छताच्या खिळ्यांवर आमच्याच श्वासाचं दहिवर जमलं होतं. तिचे बूट रात्रभर पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये होते. माझे दाराशी. नाड्यांची गाठ ओली असताना सोडली होती, त्या तशाच वळणात ताठ उभ्या होत्या, वाकवल्या की कुरकुरायच्या. बुटाची जीभ पुठ्ठ्यासारखी. पाय आत जायला वीस मिनिटं लागली, आणि ही वीस मिनिटं खरोखरच लांब होती.

बाहेर आभाळ निरभ्र, सगळे ढग खाली दरीत. माथा समोर, तासाभराच्या अंतरावर. पण मधल्या उतारावर रात्रीच्या वाऱ्याने ताजा बर्फ आणून रचला होता. तिने कंपासवरचा कोनमापक लावला: ३५ अंश. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. मी म्हटलं, "कडेकडेने जाऊ." तिने पाठपिशवी उचलली आणि तोंड परतीच्या वाटेकडे वळवलं. पहिला तासभर मी गप्प होते. ती बिनधास्त गुणगुणत होती.

पायथ्याशी पोचल्यावर तिने खिशातून डबा काढला, कानाशी हलवला आणि माझ्या हातात ठेवला.

"घे. अजून पाव शिल्लक आहे. उन्हाळ्यात वापर."