अस्नोड्याचा पूल ओलांडताना

आषाढी एकादशीला पहाटे साडेचारला आमची दिंडी गोव्यातल्या म्हापशाहून निघाली. पंढरपूरला पायी जायचं तर रजा हवी, अंगात तेवढं बळ हवं. आम्हा बार्देस तालुक्यातल्या माणसांपैकी ज्यांना ते जमत नाही, त्यांचा विठोबा साखळीजवळ विठ्ठलापुरात, वाळवंटीच्या काठी. थिवी, अस्नोडा, मुळगाव, डिचोली, कारापूर अशी एका दिवसाची वाट.

यंदा लेक बरोबर होती. अंगणातल्या वृंदावनातली तुळस कुंडीत लावून तिने डोक्यावर घेतली होती. पाऊस कोसळत होता. पखवाजाला प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि टाळांच्या भिजलेल्या दोऱ्या बोटांत रुतत होत्या. तरी गजर थांबला नाही.

अस्नोड्याच्या पुलावर विणेकरी आजोबा क्षणभर थांबले. लेकीला म्हणाले, "बाय, ही नदी ओलांडली की डिचोली. एके काळी अल्याड फिरंग्यांचं राज्य होतं, पल्याड नव्हतं."

बार्देस 1543 साली पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली त्यांच्या हाती आली ती थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. मधल्या काळात जुन्या काबिजादीतली, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या मुलखातली देवळं पाडली गेली, आणि माणसांनी आपले देव उचलून नदीपार नेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच मांडवी ओलांडून याच डिचोलीतल्या नार्व्याला आला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 साली केला. म्हणजे आमच्याकडे आधी देव चालले. पुलावर उभं राहून लेकीला हे सांगताना माझाच गळा दाटून आला.

आमच्या घरात बोलणं कोंकणी, पण देवासमोर तोंड उघडलं की मराठी. तुम्ही नक्की कोण, असं लोक विचारतात. मला तो प्रश्नच पटत नाही. आईचं दूध आणि आजीच्या हातची पेज यांतलं एक निवड, असं कुणी म्हणतं का?

माझ्या पिशवीत माझ्या आजोबांची अभंगांची वही होती. त्यांच्या लहानपणी सरकारी शाळा पोर्तुगीज; मराठी अक्षर त्यांनी देवळाच्या सभामंडपात पंतोजींकडे गिरवलं. लेक इंग्रजी शाळेत जाते. देवनागरी वाचते, पण अडखळत. डिचोलीला रताळी खायला टेकलो तेव्हा तिने वही मागितली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. जोडाक्षरापाशी थांबली की शेजारच्या माई न सांगता पुढचा शब्द म्हणायच्या. त्यांना लिहितावाचता येत नाही. सगळं पाठ.

विठ्ठलापुरात पोचलो तेव्हा वाळवंटी लाल पाण्याने दुथडी भरून वाहत होती. रांगेत दोन तास गेले. पायांवर डोकं ठेवलं तेव्हा मागायचं काहीच सुचलं नाही.

परतीच्या सरकारी कदंब बसमध्ये वहीचं एक पान ओलं झालेलं दिसलं. दोन ओळींची शाई फुटली होती. लेकीने पेन काढलं, मागचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "आई, तू म्हण. मी लिहिते."