वैशाखातला पाऊस

नैरोबी, शुक्रवार, १० मे २०२४

सकाळी सहालाच आईंचा फोन. तिकडे साडेआठ, म्हणजे सासूबाईंच्या हिशेबाने निम्मा दिवस सरलेला. "आज अक्षय्य तृतीया, करा भरलास ना गं? आणि पोरीला घेऊन उन्हात फिरू नका." बाहेर धो धो. मी फोन खिडकीशी धरला, तर म्हणतात, "नळ चालू राहिलाय बघ तुझा." नळाला तीन दिवस टिपूस नाही. आकाशातून एवढं कोसळतंय आणि आम्ही टँकरची वाट बघतोय!

सहा वर्षं झाली इथे, पण अंगातलं कालनिर्णय काही बदलत नाही. पाऊस म्हणजे जून, मृग, कोऱ्या वह्यांचा वास. इथे पावसाळे दोन. मार्च ते मे थोरला, त्याला मसिका म्हणतात. ऑक्टोबर ते डिसेंबर धाकटा, तो वुली. तिकडे छत्र्या निघतात तेव्हा आम्ही इथे कोरड्या थंडीत स्वेटर घालून बसतो. विषुववृत्त जवळ असलं तरी शहर महाबळेश्वरापेक्षाही उंचावर. एरवीचा मसिका तसा समजूतदार असतो. दुपारनंतर येतो, रात्री बरसतो, सकाळी ऊन देतो. यंदा तसं नाही. गेल्या वर्षी एल निन्योच्या जोडीने वुलीच धुवांधार झाली होती, आणि त्यावर हा असा.

चिमूचं दुसरं सत्र २९ एप्रिलला सुरू व्हायचं होतं. ऐनवेळी ६ मे झालं. मग ३ तारखेला बेमुदत पुढे ढकललं. परवा सांगितलं, सोमवारी १३ला शाळा. मी तिला म्हटलं, आमच्याकडे पाऊस आला की शाळा उघडायची. ती म्हणाली, "उलटंच आहे तुमचं." तिच्यासाठी पाऊस म्हणजे सुट्टी आणि कुंबीकुंबी. पाऊस जरा थांबला की वाळवीला पंख फुटतात आणि हजारोंनी दिव्यावर येतात. आंटींनी तिला शिकवलंय, दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची. सकाळी परातीत पारदर्शक पंखांचा थर, अभ्रकाचा चुरा पसरावा तसा. आंटींच्या गावी, पश्चिमेकडे, हे किडे भाजून खातात. चिमूने एक खाल्ला. हे आईंना सांगितलेलं नाही.

आंटी म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या. इथल्या रीतीने त्या मला 'मामा चिमू' म्हणतात, चिमूची आई. पहिल्या वर्षी मला प्रत्येक वेळी माझा भाऊ आठवायचा.

त्या मथारेच्या झोपडपट्टीत राहायच्या, अगदी नदीच्या कडेला. २३ एप्रिलच्या रात्री आम्ही चौथ्या मजल्यावर कुरकुरत होतो, स्टीमा गेली म्हणून (विजेला इथे सगळे स्टीमाच म्हणतात, आता आम्हीही), इन्व्हर्टर संपत आला म्हणून. त्याच रात्री नदी त्यांच्या घरात छातीपर्यंत आली. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी दारात उभ्या, मुलगा बरोबर, हातात एक प्लास्टिकची पिशवी. मला काही सुचेना. 'पोले साना' म्हटलं, म्हणजे फार वाईट झालं, इथे सगळ्यालाच म्हणतात ते. त्या आभार मानत म्हणाल्या, "आसांते, मामा चिमू. इस्त्री मिळेल?"

पिशवीत कागद होते. ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला, आठवीपर्यंतची सगळी प्रगतिपुस्तकं, एकमेकांना चिकटून पापडासारखी झालेली. दुपारभर आम्ही दोघी ते सोडवत बसलो. कागदावर सुती ओढणी टाकायची, वरून इस्त्री जेमतेम कोमट करून फिरवायची. शाई एका बाजूला ओघळलेली होती, पण गणिताचे गुण वाचता येत होते. मुलगा ते पुन्हा पुन्हा वाचत होता. ओढणीवर निळे डाग राहिलेत, धुतले तरी जात नाहीत.

मग २९ तारखेच्या पहाटे माई माहिऊ गावातलं ते झालं. रेल्वेच्या भरावाखालचा बोगदा गाळ आणि झाडांनी तुंबला, मागे तळं साठलं आणि फुटलं. झोपेतली माणसं गेली. आम्ही नाकुरूला जाताना तिथेच चहाला थांबतो. नंतर नदीकाठापासून तीस मीटरच्या आतली घरं हटवायला सुरुवात झाली. आंटींच्या घराचं जे उरलं होतं, तेही गेलं. त्या आता कासारानीला बहिणीकडे आहेत. कागद मात्र आमच्या कपाटात, चिमूच्या कपड्यांखाली.

आज इथे सुट्टी. पुरात गेलेल्यांसाठी देशभर झाडं लावायची, असं सरकारने सांगितलंय. मृतांचा आकडा अडीचशेच्या घरात गेलाय. तिकडे आज पितरांसाठी पाण्याचा घट भरतात. यांना तिथी कुठली माहीत असणार. आमच्या बिल्डिंगीत सकाळी अकराला रोपं आली. चिमूने लाल चिखलात एक खोचलं, वाकडंच. आमच्याकडे मातीचा करा नाही. मामंजींच्या नावाने ह्यांनी तांब्याच भरून देवापाशी ठेवला. पाणी टँकरचं.

संध्याकाळी आंटी येऊन गेल्या, सुट्टी असून. एक प्रगतिपुस्तक हवं होतं, मुलाच्या नव्या शाळेत दाखवायला. ओढणीत गुंडाळूनच दिलं.

चिमूच्या शाळेच्या बुटांवर पुन्हा हिरवी बुरशी आलीय. तिसऱ्यांदा पुसून फ्रिजमागे ठेवले. सोमवारपर्यंत वाळले तर बरं.