लक्षात असू दे

मंगळवार, रात्री साडेअकरा

पत्रिका आली. कोपऱ्यांना हळदकुंकू, आत 'आमचे येथे श्रीकृपेकरून', पाकिटावर नानाकाकांच्या हातचं 'चि.' आणि पुढे माझं नाव. चाळिशी उलटली तरी त्यांच्या लेखी मी चि.च. अण्णांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, टेबलावर ठेवलं. "जा की. मी कुठे नको म्हणतो? फक्त लक्षात असू दे."

एवढंच. पण तेव्हापासून घास उतरला नाही.

झोप येईना म्हणून शेक्सपिअरचं हॅम्लेट काढलं. (मला अशीच वेळ सापडते.) डेन्मार्कच्या मेलेल्या राजाचं भूत मुलाला, हॅम्लेटला, म्हणतं, सूड घे. लगेच पुढे म्हणतं, पण मन विटाळू देऊ नकोस, आईला काही करू नकोस. आणि जाताजाता, माझी आठवण ठेव. म्हणजे 'जा की' पण आणि 'लक्षात असू दे' पण. पोरानं करायचं काय? झोपलेल्या राजाच्या कानात भावानं विष ओतलं होतं. आपल्याकडे कान भरतात ते निराळ्या अर्थानं, पण इथे दोन्ही अर्थ लागतात. भावानं भावाचा कान भरला, बापानं पोराचा.

मला काय हवंय, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. आमच्याही नाही.

थडगं खणणारा सांगतो, राजपुत्र जन्मला त्याच दिवशी त्याच्या बापानं नॉर्वेच्या राजाला लोळवलं. माझ्या जन्माच्या दिवशी अण्णा तारखेला गेले होते, आई सांगायची. पुढे त्याच खड्ड्यातून विदूषकाची कवटी निघते, तेवीस वर्षं मातीत पडलेली. हॅम्लेट ती हातात घेऊन म्हणतो, यानं मला हजारदा पाठीवर घेतलंय. बापाचं कपाळ, बापाचे डोळे, सगळ्याची त्यानं देवांशी तुलना केली आहे. बापाच्या पाठीवर बसल्याची आठवण मात्र मला नाटकभर सापडली नाही.

ओढ्याला पाणी आलं की मला शाळेत पलीकडे कोण न्यायचं, ते इथे लिहिणार नाही.

आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात हे नाटक मराठीत आणायला घेतलं. नाव दिलं 'विकारविलसित'. आज पहिल्यांदा ते नाव पटलं. अण्णांना सूडबिड काही नको आहे. काठी उगारायची म्हटली तर आधी कंबर धरावी लागेल. विकार आहे, आणि तो मोजणीच्या नोटिशीपासून पत्रिकेच्या पाकिटापर्यंत कुठेही विलसतो.

खरं म्हणजे हसू यायला हवं. त्या नॉर्वेवाल्याचा पोरगा पोलंडच्या एका तुकड्यासाठी सैन्य घेऊन निघतो, आणि त्याचाच कप्तान सांगतो की पाच मोहरांच्या खंडानंही मी ती जमीन कसायला घेणार नाही. आमचा बांध तीनदा मोजला. फरक निघाला दीड हात. वकिलाला गेले त्यात दुसरीकडे अर्धा एकर आला असता. शेवटी त्या पोराला तलवार न उपसता अख्खा डेन्मार्क मिळतो, कारण दावा सांगायला घरातलं कुणी उरलेलंच नसतं. आमच्याकडे तसा बाहेरून येणारा म्हणजे बिल्डरच.

भूत हॅम्लेटला दुसऱ्यांदा भेटतं ते राणीच्या महालात. १६०३ च्या छापील प्रतीत तेव्हा त्याच्या अंगावर चिलखत नाही, रात्रीचा झगा आहे. बोथटलेल्या पोराला धार लावायला येतं.

हे लिहिता लिहिता अण्णा पाणी प्यायला उठले. बनियन, लुंगी. दारात थांबले. मी वही मिटली.

"आहेर किती घालणार आहेस?"

"पाचशे एक."

"अकराशे एक घाल. बरं दिसत नाही." दिवा घालवून गेले. माझ्या खोलीतलासुद्धा.