तिथी पाहून काढलेले चित्र

ऐरोलीच्या खाडीकाठी बसून, छायाचित्राचा आधार न घेता, एकाच बैठकीत एक जलरंगचित्र पूर्ण करायचे, असे मी यंदाच्या माघात ठरवले. छायाचित्रांवरून चित्रे काढण्याचा मला बराच सराव होता. परंतु त्यांतले कोणते सकाळचे आणि कोणते दुपारचे, हे मलाही खात्रीने सांगता आले नसते, आणि ती उणीव मला बरेच दिवस टोचत होती.

माघ शुद्ध द्वादशीला सकाळी सव्वासात वाजता मी दिवा कोळीवाड्याजवळ घडीचे स्टूल मांडले. सूर्य पाठीशी असल्यामुळे पलीकडच्या मुलुंड-भांडुपच्या इमारतींवर केशरी ऊन पडले होते, अलीकडच्या तिवरांच्या लांब सावल्या चिखलावर पसरल्या होत्या आणि त्या चिखलात रोहित पक्ष्यांचा मोठा थवा माना खाली घालून चरत होता. ठाणे खाडीचा हा परिसर २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तरी पाण्याचा स्वभाव मात्र मी कधी नीट पाहिला नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. एकेका पक्ष्याची मान आणि चोच पेन्सिलीने रेखण्यात माझी पंचवीस मिनिटे गेली आणि रंगाचे पाणी कालवून मान वर केली, तर चिखलाचा निम्मा पट्टा दिसेनासा झाला होता. मी काठाची रेषा खोडून खाली घेतली, मग आणखी खाली घेतली. अर्धवट वाळलेल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरावर, पुन्हा ओला कुंचला फिरवल्यामुळे वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटले. आणि साडेआठपर्यंत पक्षीही उडून गेले. कागदाच्या वरच्या भागात सव्वासात वाजले होते, खालच्या भागात साडेआठ.

जाळे उकलत बसलेल्या एका वयस्क काकांनी माझी फजिती पाहिली होती. त्यांनी सांगितले की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: बारसेला नऊ, अष्टमीला सहा. बारसेला सकाळी चिखलाचे चित्र काढायला बसणे म्हणजे पाण्याशी शर्यत लावणे होते. शिवाय पौर्णिमा जवळ आली की उधाणाचे पाणी झपाट्याने चढते, उलट अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती, असल्यामुळे ते कमी चढते आणि सावकाश हलते. हा हिशेब मी लहानपणी आजीकडून ऐकला होता, पण त्याचा चित्रकलेशी संबंध असेल असे कधी वाटले नव्हते.

अकरा दिवसांनी, वद्य अष्टमीला, मी पुन्हा गेले. या वेळी कागद लहान घेतला, म्हणजे फुल शीटचा चौथा हिस्सा, आणि तो जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कारण पातळ कागद भिजला की फुगतो आणि रंग त्याच्या खळग्यांत साचतो. पेन्सिलीने फक्त तीन रेषा मारल्या: क्षितिज, पाण्याचा काठ आणि तिवरांच्या सावलीची कड. या तिन्ही रेषा त्यानंतर हलवायच्या नाहीत, समोर काहीही बदलले तरी, एवढा एकच नियम मी स्वतःला घातला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७२ साली ल हाव्र बंदरातला धुक्यातला सूर्योदय रंगवला. पुढे प्रकाश बदलला की ते एक कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत. ती सोय माझ्याकडे नव्हती, त्यामुळे सात वाजून दहा मिनिटांची सावली एकदा धरली ती धरली.

खरी परीक्षा वॉशची होती. आकाश आणि पाणी एकाच ओल्या थरात रंगवल्यानंतर कागदावरची चकाकी जाईपर्यंत हात आवरून बसावे लागते, कारण त्याआधी लावलेला चिखल पाण्यात विरघळून जातो आणि फार उशिरा लावलेल्या चिखलाची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. खाडीवरच्या दमट हवेत ही वाट पाहणे घरातल्यापेक्षा बरेच लांबते. चकाकी जाताच अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी यांचा करडा रंग मी रुंद कुंचल्याने आडवा ओढला आणि पक्ष्यांच्या जागी कोरा कागद सोडला. त्या कोऱ्या ठिपक्यांवर शेवटी फिकट गुलाबी रंग टेकवला. माना आणि पाय चार-पाच पक्ष्यांनाच दिले. एवढ्या अंतरावरून डोळ्यांनाही त्याहून अधिक दिसत नव्हते; द्वादशीला मी दिसत होते ते नव्हे, तर माहीत होते ते काढत बसले होते.

सात पन्नासला कुंचले धुतले. डाव्या कोपऱ्यात मला उशीर झाला होता आणि तिथला चिखल कडक दिसतो. घरी आल्यावर तो ओला करून मऊ करण्याचा मोह झाला, पण मी चित्राला हात लावला नाही. मागच्या बाजूला शीर्षकाऐवजी लिहिले: माघ वद्य अष्टमी, सकाळी ७.१० ते ७.५०, ओहोटी.